विभक्त पत्नीचा वारसा : कायदा आणि रूढी

पती-पत्नी वेगळी राहू लागली की परस्परांवरील वारसाहक्क संपतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पती मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याच्या स्वतंत्र मिळकतीत विधवेचा वाटा मुलगा, मुलगी व आई यांच्या बरोबरीचा असतो. ती दहा वर्षे माहेरी राहिली असली, तरी तो बुडत नाही. विवाह संपतो तो घटस्फोटाने, दुराव्याने नव्हे.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत मात्र हे संरक्षण सर्वांना सारखे मिळत नाही. घोलवड-बोर्डीकडील चिकूवाडीचा इराणी मालक वारला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा त्याच्या विधवेस अपत्याइतका वाटा देतो. बाजारपेठेतील हिंदू दुकानदाराच्या पत्नीस १९५६ चा कायदा आहे. त्याच वाडीत मजुरी करणाऱ्या वारली स्त्रीस मात्र यांपैकी एकाचाही आधार नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना हा कायदा लागू होणार नाही, असे त्याचे कलम २(२) सांगते. तिचा वारसा रूढीवर सोपविलेला आहे.

ही रूढी कोठेही लिहिलेली नाही. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. पण खर्चापायी अनेक जोडपी विधीवाचूनच संसार थाटतात आणि विधी मागाहून उरकतात. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ १९४५ च्या वारली उठावाने मुक्त केला. लग्नाचा कागद मात्र अजून घरोघरी पोचलेला नाही. अशा स्थितीत पती मरण पावतो, तेव्हा विभक्त पत्नीजवळ लग्नाचा पुरावा नसतो आणि काडीमोड झाला नसल्याचाही नसतो. तलाठ्यापुढे वारसांची नावे सांगणारी माणसे त्या घरात राहणारी असतात. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, हे तत्त्व खरे. पण पीककर्ज व नुकसानभरपाई सातबारावरील नाव पाहूनच मिळते.

न्यायालयांनी या विषमतेची दखल घेतली आहे. आदिवासी स्त्रीला वारसा मिळावा यासाठी कायदादुरुस्तीचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रास सुचविले. स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर तिला वाटा नाकारणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने दिला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ मजुरी करणाऱ्या किती स्त्रियांत असणार?

स्त्रीला वाटा दिल्यास जमीन जमातीबाहेर जाईल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यामागील भीती खोटी नाही. या भागाने जमिनी गमावल्या आहेत. परंतु बिगर आदिवासींकडे जमीन हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आधीच बंधन घालते. विधवेचे नाव लागल्याने ते बंधन सैल होत नाही.

उपाय सुचविण्यास दूर जावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याचे ठरविले. वनजमिनीबाबत जे न्याय्य मानले, ते शेतजमिनीबाबत अन्याय्य कसे? केंद्राने कायदा करावाच; तोवर ग्रामसभांनी विवाहांची नोंद करावी आणि वारसनोंदीच्या वेळी विभक्त पत्नीसही बोलवावे. घर सुटले म्हणून जमिनीवर गाळलेला घाम पुसला जात नाही.