दृष्टिहीनांसाठी स्क्रीन रीडर : संगणकातला, मोफत की विकतचा? सीमाभागातल्यांनी पैसे मोजण्याआधी हे तपासा

बेळगाव / निपाणी : दहावी-बारावीचा निकाल लागला की दृष्टिहीन मुलांच्या घरात लॅपटॉपचा विषय निघतो. लॅपटॉप कसाबसा घेता येतो, पण तो 'बोलता' करायचा तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, इथे घोळ सुरू होतो. एकजण सांगतो, विकतचंच घ्या, मोफत मिळणारं चालत नाही. दुसरा म्हणतो, विंडोजमध्येच सगळं आहे, एक पैसाही घालू नका. दोघांच्याही सांगण्यात थोडं तथ्य आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वाचावं लागतं. त्यामुळे इथला हिशेब जरा वेगळा मांडावा लागतो.

स्क्रीन रीडर करतो काय?

पडद्यावरची अक्षरं, बटणं, रकाने आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. माऊसऐवजी सगळं काम कीबोर्डवर चालतं. हे सॉफ्टवेअर पडदा डोळ्यासारखा 'बघत' नाही. 'हे बटण आहे, त्याचं नाव अमुक' ही माहिती विंडोज आणि त्या त्या प्रोग्रॅमकडून घेऊन ते आवाजाच्या इंजिनाकडे देतं. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर रीडर कितीही महागडा असो, तो नुसतं 'बटण' म्हणून गप्प बसतो.

म्हणजे रीडर आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीडर चांगला असूनही त्यात कन्नड आवाज नसेल, तर कन्नड परिपत्रक वाचता येणार नाही. खरेदी करताना नेमकी हीच गोष्ट विचारायची राहून जाते.

संगणकात आधीच असलेले

विंडोजमध्ये 'नॅरेटर' असतो. विंडोज २००० पासून तो सोबत येतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबली की तो सुरू होतो. पूर्वी तो अगदीच तोडका होता, अलीकडे बराच सुधारला आहे. ईमेल, साधं वर्ड, सरकारी संकेतस्थळ एवढं काम त्यावर होऊ शकतं. विंडोजमध्ये हिंदीचे आवाजही मिळतात. हिंदी आवाजावर देवनागरी मराठी वाचून घेता येतं, मात्र उच्चार हिंदी वळणाचे येतात.

ॲपलच्या संगणकात २००५ पासून 'व्हॉइसओव्हर' आहे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'टॉकबॅक' असतो. गुगलच्या आवाजात मराठी आणि कन्नड दोन्ही असल्याने अनेकांचा पहिला सराव मोबाईलवरच होतो.

मोफत : एनव्हीडीए

ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये हे काम सुरू केलं. पुढे जेम्स तेह हा दुसरा दृष्टिहीन प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. डोळस माणसाला संगणक घेतला की झालं, मग दृष्टिहीनाने वर आणखी तेवढेच पैसे का मोजायचे, हा त्यामागचा सवाल होता. आज हे सॉफ्टवेअर ५० हून जास्त भाषांत आहे आणि पूर्ण मोफत आहे. डाऊनलोड करताना देणगी विचारली जाते, ती ऐच्छिक आहे.

सीमाभागासाठी महत्त्वाची बाब म्हणजे यासोबत येणाऱ्या 'ईस्पीक' इंजिनात मराठी, कन्नड, हिंदी आणि कोकणी हे सगळे आवाज आहेत. आवाज यंत्रासारखा, रुक्ष आहे. पहिले आठ-दहा दिवस कानाला टोचतो. पण वेग वाढवला तरी तो स्पष्ट राहतो आणि जुन्या संगणकावरही अडत नाही. पेनड्राइव्हवर ठेवून दुसऱ्याच्या संगणकावरही चालवता येतो, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेतही उपयोग होतो. मात्र तिथे आधी परवानगी घ्यावी.

विकतचा : जॉज

'जॉब ॲक्सेस विथ स्पीच' हे याचं पूर्ण नाव. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर या अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने तो आणला. १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी. नावाप्रमाणेच त्याचं बळ नोकरीच्या कामात आहे. एखाद्या खास प्रोग्रॅमसाठी, उदाहरणार्थ बँकेच्या किंवा कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरसाठी, 'स्क्रिप्ट' लिहून तो जुळवून घेता येतो. मोठमोठ्या एक्सेल शीटवर काम करणारेही तो पसंत करतात. कंपनीकडून मदत मिळते, हाही फायदा.

किंमत मात्र मोठी आहे. अमेरिकेत कायमच्या परवान्याला हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात, वर्षाच्या घरगुती परवान्याला शंभर डॉलरच्या आसपास. भारतात अधिकृत विक्रेत्याकडून लेखी कोटेशन घ्यावं. कायमचा परवाना घेतला तरी पुढच्या आवृत्त्यांना पुन्हा पैसे लागतात, तेही त्यात विचारून घ्यावं.

विकत न घेताही जॉज तपासता येतो. परवाना नसला तर तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. 'क्रॅक' केलेली प्रत कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. ते बेकायदा आहेच, शिवाय त्यातून व्हायरस येण्याचा धोका असतो.

जग काय वापरतं? वेबएम या अमेरिकन संस्थेने २०२३-२४ मध्ये १,५३९ जणांचं मत घेतलं. त्यात मुख्य रीडर म्हणून जॉज वापरणारे ४०.५ टक्के, तर एनव्हीडीए वापरणारे ३७.७ टक्के निघाले. म्हणजे मोफत आहे म्हणून एनव्हीडीए दुय्यम, असं म्हणायला जागा नाही.

सीमाभागातली खरी अडचण

बेळगावात माहेश्वरी अंध शाळेमुळे ब्रेल नवी नाही. पण कॉलेजच्या नोटिसा, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रामपंचायतीची पत्रं ब्रेलमध्ये येत नाहीत. ती कन्नडमध्ये 'नुडी'च्या जुन्या फॉन्टमध्ये, मराठीत 'श्रीलिपी'सारख्या फॉन्टमध्ये, नाहीतर सरळ कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर येतात.

जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. रीडर आतलं वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला निव्वळ गोंधळ ऐकू येतो. फोटोत तर अक्षरं नसतातच. इथे नॅरेटर असो की जॉज, पैसे घालून हा प्रश्न सुटत नाही. मजकूर युनिकोडमध्ये हवा.

तपासायची सोपी युक्ती आहे. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी-कन्नड तसंच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा खिचडा झाला तर जुना फॉन्ट.

टायपिंगसाठी 'इनस्क्रिप्ट' कीबोर्ड शिकावा. त्यात 'क'चं बटण मराठीला जे, तेच कन्नडला. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा लिहिता येतात, आणि तो विंडोजमध्येच असतो.

परीक्षा आणि नोकरी

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे, त्यात १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. लेखी परीक्षेबाबत केंद्राच्या २०१८ च्या सूचनांमध्ये उमेदवाराने स्वतःचा संगणक आणू नये, मात्र केंद्रावरचा संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा, असं म्हटलं होतं. केंद्रावर कोणता रीडर असेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून एकापेक्षा जास्त रीडरचा सराव हवा. त्या त्या परीक्षेची अधिसूचनाही नीट वाचावी.

सरकारी आस्थापनेत नोकरी लागल्यावर कामाला लागणारी वाजवी सोय करून देणं ही त्याच कायद्याने कार्यालयाची जबाबदारी आहे. कामासाठी जॉज लागत असेल तर मागणी लेखी करावी. नोकरी लागण्याआधी घरच्यांनी त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

मग घ्यायचं काय?

- शाळा-कॉलेजचा विद्यार्थी : एनव्हीडीए. अडीअडचणीला नॅरेटर येत असावा.
- बँक किंवा खासगी नोकरीची तयारी : एनव्हीडीए पक्कं करून ४० मिनिटांच्या जॉजवर सराव.
- नोकरीत ठराविक सॉफ्टवेअर : त्याच सॉफ्टवेअरवर दोन्ही रीडर चालवून बघा. एनव्हीडीए अडत असेल तरच परवाना, तोही कार्यालयाच्या खर्चाने.
- लेखापालाचं काम : बिलिंग, हिशेबाचं सॉफ्टवेअर कीबोर्डवर चालतं म्हणजे रीडर ते वाचतोच असं नाही. आधी तपासा.

कर्नाटक सरकारच्या दिव्यांग सबलीकरण खात्याची दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी 'टॉकिंग लॅपटॉप' योजना आहे. चालू वर्षाच्या अटी आणि मुदत खात्याच्या बेळगाव जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावी. लॅपटॉप मिळताना त्यात कोणता रीडर आहे आणि मराठी-कन्नड दोन्ही आवाज चालू आहेत का, हे तिथेच ऐकून बघावं. कॉलेजं आणि ग्रामपंचायतींनीही नोटीस फोटोऐवजी युनिकोड मजकुरात पाठवली, तर एक रुपयाही खर्च न करता ती दृष्टिहीनांपर्यंत पोहोचेल.