मग पुढे काय झाले?

2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट पाहून आम्ही जळगावहून नशिराबादला परतत होतो. शेवट असा की गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. गाव जवळ आले तेव्हा नातवाने विचारले, “दादाजी, मग पुढे काय झालं?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच धाकटे बंधू म्हणाले, “पुढचं मालिकेत दाखवलं होतं. पण आपल्या घरात ते पाहिलं कोणी?”

हे अगदी खरे नव्हते. घरातील एका व्यक्तीने ते मन लावून पाहिले होते.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठीवर सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये संपली. त्या अडीच वर्षांत आमच्या घरचा रात्रीचा क्रम ठरून गेला होता. सूर्यास्तापूर्वी भोजन, मग प्रतिक्रमण, दुकानाचा रोजमेळ आणि त्यानंतर सर्वजण दूरदर्शन संचासमोर. आरंभी मातुश्रींना एक अडचण वाटे. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत त्यांनी डॉ. अमोल कोल्हे यांना शिवाजी महाराजांच्या भूमिकेत पाहिले होते. “कालचा बाप आज मुलगा कसा झाला?” असे त्या विचारीत. पुढे शंतनू मोघे यांचे शिवाजी महाराज आणि प्राजक्ता गायकवाड यांच्या येसूबाई त्यांच्या मनात इतक्या ठसल्या की तो प्रश्न उरला नाही. शेवटचे भाग मात्र त्यांनी पाहिले नाहीत. त्या आतल्या खोलीत माळ घेऊन बसत आणि मालिका संपल्यावरच बाहेर येत.

नोव्हेंबर 2021 मध्ये सोनी मराठीवर ‘स्वराज्यसौदामिनी ताराराणी’ सुरू झाली. वाहिनी निराळी, कलावंतही बहुतेक निराळे. पण कथा तीच पुढे चालली होती. स्वरदा थिगळे ताराराणी झाल्या होत्या, संग्राम समेळ राजाराम महाराज आणि यतीन कार्येकर औरंगजेब. या उत्तरार्धाविषयी आमच्याकडे जी मते पडली, ती थोड्याफार फरकाने अनेक घरांत पडली असावीत.

मातुश्रींचे मत असे की, कथा जेथे मन भरून येते तेथेच थांबावी. पुढचे पाहिल्याने आधीचे फिके पडते. बंधूंचा आक्षेप व्यापाऱ्याचा होता. “पहिल्या मालिकेत शत्रू बाहेरचा होता. यात आज ना उद्या घरातलीच वाटणी येणार. वाटण्या आपण पेठेत रोज पाहतो. पुन्हा रात्री कशाला पाहायच्या?” मुलांना लढाया कमी आणि सल्लामसलत फार वाटली. माझे मत विचाराल तर मी तेव्हा वर्तमानपत्र वाचीत असे.

मन लावून पाहणारी व्यक्ती म्हणजे बंधूंची सून. ती वाणिज्य पदवीधर आहे आणि दुकानाचा सारा हिशेब तीच सांभाळते. एकदा जाहिराती सुरू असताना ती मला म्हणाली, “काकासा, मागील पानावरची बाकी पुढच्या पानावर ओढली नाही, तर पहिलं पान कितीही सुंदर असून काय उपयोग?”

बँकेत हयात घालविलेल्या माणसाला हे वाक्य लागणारच. मी इतिहासाची पुस्तके काढली. 11 मार्च 1689 रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला; येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य सांभाळले, पण मार्च 1700 मध्ये सिंहगडावर त्यांचेही निधन झाले. तेव्हा ताराबाईंचे वय अवघे पंचवीस वर्षांचे. त्यांनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून 1707 पर्यंत औरंगजेबाशी युद्ध चालविले. त्या काळात मराठी फौजा माळवा-गुजरातपर्यंत पोहोचल्या. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान यानेही त्यांच्या बुद्धीची आणि कारभाराची दखल घेतली आहे.

बंधूंचा आक्षेपही निराधार नव्हता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटलेले शाहू महाराज नर्मदा ओलांडून आपल्या खानदेशातूनच दक्षिणेत उतरले. त्याच वर्षी खेडला चुलती-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी पक्की झाली ती 1731 च्या वारणेच्या तहाने. ताराबाई त्यानंतरही तीस वर्षे जगल्या आणि 1761 मध्ये निवर्तल्या. ही कथा डोळे पुसून उठावे अशी नाही. तीत कर्तृत्व आहे आणि कलहही आहे, म्हणून ती प्रेक्षकाला अवघड जाते.

मला मात्र ती दुसऱ्याच कारणाने अवघड गेली. नोकरीत असताना माझ्या शाखेत एका धान्य व्यापाऱ्याची तरुण विधवा आली होती. पतीच्या नावावरील कॅश क्रेडिटच्या जागी तिला स्वतःच्या नावावर तशी सोय हवी होती. तिने हिशेबाच्या वह्या सोबत आणल्या होत्या. मी त्या न उघडताच विचारले, “घरात कर्ता पुरुष कोण आहे?” ती म्हणाली, “साहेब, आधी वह्या तर पाहा.” मी दीर किंवा भाऊ जामीन आणावयास सांगितले. भाऊ परगावी होता. मंजुरी मिळेपर्यंत हंगामातली खरेदी संपून गेली होती. विधवेला कर्ज देऊ नये असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते; ते माझ्या मनात होते. पुढे तिचे खाते एकदाही थकले नाही, याची नोंद मीच दरवर्षी करीत असे.

म्हणून आज कोणी विचारले की, उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सरस होता का, तर मी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेन. तो ‘संभाजी’इतका दीर्घकाळ चाललाही नाही. परंतु दुकानाचा मालक गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुलूप कोण उघडते, हा प्रश्न त्यात होता, आणि व्यापारी घरांना तो परका नाही. आम्ही मालकाच्या तसबिरीला हार घालतो. कुलूप उघडणारीचे नाव खात्यावर असते का, हे पाहत नाही.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर नातवाला ताराराणींची हकिकत सूनबाईंनीच सांगितली. मी शेजारी बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी बंधूंना एवढेच म्हणालो, “दुकानाच्या चालू खात्यावर आपल्या दोघा-तिघा पुरुषांच्याच सह्या आहेत. बँकेतून अर्ज आणवा. सूनबाईंचीही सही नोंदवून घेऊ.”

बंधूंनी जरा वेळ विचार केला आणि विचारले, “ती तुमची मालिका पुन्हा कुठे पाहायला मिळेल का?”