गोधडी, शिवणयंत्र आणि त्याचा पाय

ठाणें जिल्ह्यांत भातशेती करणाऱ्या कुटुंबास गोधडी ही शोभेची वस्तु नव्हे. भात खळ्यावर आलें म्हणजे राखणीस जाणाऱ्याच्या खांद्यावर ती असते आणि बाळंतिणीच्या खोलींतही प्रथम तीच लागते. जुनीं लुगडीं, धोतरें व चादरी यांचे थर एकमेकांवर पसरून हातानें धांवदोरा घालीत ती शिवावी, ही आपली रीत. घरकाम सांभाळून एका बाईचे पंधरा-वीस दिवस त्यांत सहज जातात. हल्लीं पुष्कळ घरीं पायानें चालणारें शिवणयंत्र आहे. तथापि त्यावर गोधडी नीट होत नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते. तक्रार खरी आहे. परंतु दोष यंत्राचा नसून बहुधा त्याच्या पायाचा, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी फूटचा असतो.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांतून निवृत्त झालेला कारकून आहे, शिंपी नव्हे. गेल्या वर्षीं आमच्या घरीं नातवंड यावयाचें होतें. आमच्या कुटुंबाची दृष्टि मंद झाल्यामुळें हातशिलाई तिच्यानें होईना. तिच्या आईचें एक नऊवारी लुगडें जपून ठेविलें होतें. तें वरच्या थरास घालून कल्याणांतील एका शिंप्याकडून गोधडी यंत्रावर शिवून घेतली. घरीं आणून पसरतों तों वरचा थर एका टोकास चार बोटें पुढें आलेला व मध्यें जागोजाग चुण्या पडलेल्या! टांके उसवतांना जीर्ण लुगडें दोन ठिकाणीं फाटलें. पैसे गेले त्याचें एवढें वाटलें नाहीं. तें लुगडें मात्र पुन्हा मिळणारें नव्हतें.

असें कां होतें, तें समजून घेतलें पाहिजे. सुईखालच्या पट्टींतून दांते वर येतात, कापड मागें नेतात, खालीं जातात व पुन्हा पुढें येतात. ही चार गतींची योजना ॲलन विल्सन या अमेरिकन कारागिरानें १८५४ सालीं पेटंट केली. आजचीं बहुतेक घरगुती यंत्रें याच तत्त्वावर चालतात. दांते केवळ खालचा थर ओढतात; वरचा गुळगुळीत पाय वरच्या थरास अडवितो. एक-दोन पदरांच्या शिलाईंत हा फरक जाणवत नाहीं. पांच-सहा पदरांत तो टांक्यागणिक सांचत जातो व शेवटीं चुण्यांच्या रूपानें दिसतो.

यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट, अर्थात् चालता पाय. त्याला स्वतःचे दांते असून त्याची एक भुजा सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसते. सुई वरखालीं होतांना हे दांते वरचा थरही खालच्या बरोबर नेतात. समांतर ओळींसाठीं त्यास एक वांकडी सळई लावतां येते. मागील ओळीवर तिचें टोंक ठेविलें कीं अंतर चुकत नाहीं. वेलबुट्टी किंवा ठिगळ यांकरितां रफूचा पाय निराळा असतो. तो लावतांना यंत्राचे दांते खालीं उतरवितात अथवा झांकतात, आणि कापड हातानें फिरवितात. तुकडे जोडण्यासाठीं पाव इंच शिवण राखणारा पायही मिळतो.

विकत घेण्यापूर्वीं पाय खालीं सोडून, तो बसविण्याच्या स्क्रूपासून खालच्या पट्टीपर्यंत माप घ्यावें. घरगुती यंत्रांत तें बहुधा पाऊण इंचाच्या सुमारास असतें. कांहीं यंत्रांत सव्वा इंचाच्या आसपास. एकाचा पाय दुसऱ्यास बसत नाहीं. शिवाय जुन्या काळ्या यंत्रांचे दांते अरुंद असतात. पायाचे दांते त्यांवर नेमके येतात कीं नाहीं, तें बसवूनच पाहावें.

शिवण्यापूर्वीं सर्व थर ताणून, वीतभर अंतरानें कच्चे टांके घालावे. सोळा नंबरची सुई, इंचास आठ-दहा टांके व पायाचा दाब थोडा सैल, असें प्रमाण ठेवावें. हातशिलाईंत आमच्या घरच्या बायका कांठाकडून मध्याकडे येतात. यंत्रावर मध्यापासून कांठाकडे जावें, म्हणजे सैल कापड बाहेर सरकतें. उल्हासनगरच्या कारखान्यांतून निघणारीं कापडाचीं कात्रणें स्वस्त पडतात. परंतु जीनचे जाड तुकडे मऊ सुती कापडांत मिसळूं नयेत. सुई मोडते आणि गोधडी जड होते.

आमच्या सुनेनें ती गोधडी याच रीतीनें पुन्हा शिवली, व फाटल्या जागीं रफूच्या पायानें ठिगळें लाविलीं. नात तिजवर निजते. ठिगळें दिसतात, पण चुणी एकही नाहीं.

चालत्या पायाची किंमत नव्या यंत्राच्या मानानें थोडी आहे. एकाच मापाचीं यंत्रें असलेल्या चार घरांनीं मिळून, औषध फवारण्याच्या पंपाप्रमाणें, एक पाय सामाईक घेतला तरी चालेल. यंत्र विकून नवें घेण्याचा विचार करणाऱ्या बंधुभगिनींनीं आधीं त्याचा पाय बदलून पाहावा, एवढीच विनंति.