बालकांतील श्वेतकोशिकार्बुदाची चिकित्सा

अस्थिमज्जेत अपक्व श्वेत कोशिकांची बेसुमार वाढ होऊन निरोगी रक्तनिर्मिती खुंटणे, हे श्वेतकोशिकार्बुदाचे मूळ स्वरूप होय. ल्युकेमिया अथवा रक्ताचा कर्करोग या नावांनी हा रोग सर्वसामान्यांस परिचित आहे. त्याचा तीव्र लसीका कोशिकीय प्रकार हा बालवयातील सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून २ ते ५ वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण विशेष असते. फिकटपणा, रेंगाळणारा ताप, त्वचेखालील रक्ताचे ठिपके व हाडे दुखणे ही लक्षणे इतर साध्या विकारांतही दिसत असल्याने निदानास पुष्कळदा विलंब होतो. श्रोणीच्या हाडातून सुईने काढलेल्या अस्थिमज्जेच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेने रोग निश्चित होतो.

पूर्वी असे मूल बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. बॉस्टन येथील विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर यांनी फॉलिक अम्लाच्या कार्यास विरोध करणारे अमिनोप्टेरीन १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांत सुधारणा झाल्याचे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. सुधारणा मात्र तात्पुरतीच ठरली. एकेका औषधास कोशिका दाद देईनाशा होतात, म्हणून १९६० नंतर फ्राय व फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र योजली. रक्तस्रावाने होणारे मृत्यू बिंबाणूंच्या आधानामुळे घटले. तरीही रोग उलटे, कारण रक्तातील औषधे मेंदूभोवतालच्या द्रवात पुरेशी पोहोचत नाहीत व तेथे रोगकोशिका दडून राहतात. मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७ पासून मस्तकास प्रारण व मेरुद्रवात औषध देऊन हा आसराही नष्ट केला. तेव्हा सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली. प्रारणाने बुद्धी व वाढ यांवर दुष्परिणाम होत असल्याने पुढे ते बहुतेक मुलांत वगळण्यात आले. संपन्न देशांत आता सुमारे ९० टक्के मुले वाचतात.

चिकित्सकाचे खरे कौशल्य मात्रा ठरविण्यात आहे. रोगकोशिका मारणारी औषधे निरोगी मज्जेसही दडपतात. श्वेत कोशिका घटलेल्या मुलाचा साधा तापही काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे तपासण्यांचे निष्कर्ष येण्यापूर्वीच प्रतिजैविके सुरू करावी लागतात. उलट, भीतीपोटी मात्रा फार कमी केल्यास रोग पुन्हा डोके वर काढतो.

भारतात १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांनी एकच ठरावीक चिकित्साक्रम अवलंबिला व निष्पत्ती पुष्कळ सुधारली. येथील मोठी अडचण औषधाबाहेरची आहे. पहिल्या चार-सहा आठवड्यांत मूल खेळू लागते. चिकित्सा मात्र दोन ते तीन वर्षे चालवावयाची असते. प्रवास, बुडालेली मजुरी व शहरातील राहण्याचा खर्च यांमुळे काही पालक ती मध्येच सोडतात. म्हणून निवास व आहाराची सोय लावणे, हेही अशा विभागातील डॉक्टरांचे व समाजसेवकांचे नित्याचे काम झाले आहे. गावी परत नेलेले मूल अनेकदा रोग उलटल्यावरच पुन्हा रुग्णालयात येते आणि तेव्हा तीच औषधे पूर्वीइतकी लागू पडत नाहीत.