बेंचवर आहात? मग हे वाचाच!

हिंजवडीतल्या एका मित्राला परवा विचारलं, "काय रे, कसं चाललंय?" म्हणाला, "बेंचवर आहे." चेहरा असा, जणू नोकरीच गेली! हातात प्रोजेक्ट नाही, रोज लॉग-इन करायचं आणि वाट बघायची. मला एकदम आपल्या नगर जिल्ह्याचा अजिंक्य रहाणे आठवला.

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये १९८८ साली जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य नोव्हेंबर २०११ मध्ये भारताच्या टेस्ट टीममध्ये आला. पण खेळायला? छे! तब्बल १६ महिने राखीव. खेळणाऱ्यांसाठी पाणी न्या, कुणी बाहेर गेला तर बदली फील्डर म्हणून उभे राहा, नेट्समध्ये घाम गाळा. अखेर मार्च २०१३ मध्ये दिल्लीत संधी मिळाली. रन्स किती? ७ आणि १! दुसरा कुणी खचलाच असता. पण त्याच डिसेंबरमध्ये डर्बनला त्यानं नाबाद ५१ आणि ९६ काढले. २०१५ मध्ये गॉलला एकाच टेस्टमध्ये ८ कॅच घेऊन विश्वविक्रम केला. २०२० मध्ये ॲडलेडला ३६ रन्समध्ये गारद झालेल्या टीमचा कॅप्टन म्हणून पुढच्याच टेस्टमध्ये, मेलबर्नला, ११२ ठोकले आणि मॅच जिंकली.

मग सगळं सेट? नाही बॉस! २०२२ मध्ये तो टीमबाहेर गेला. जून २०२३ मध्ये ओव्हलवर परतला आणि ८९ काढले. म्हणजे बेंच एकदाच भेटतो असं नाही. पण तो भेटतो तेव्हा नेट्स सोडायचे नसतात.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "ठीक आहे, उद्यापासून नेट्स!"