घशाच्या इजा व घुसमट यांचे निदानसंकेतन

घशाच्या इजा व घुसमट यांचे निदानसंकेतन : ग्रसनी, स्वरयंत्र, श्वासनाल व ग्रसिका यांना होणाऱ्या इजा आणि बाह्य पदार्थ अडकून होणारा श्वासरोध यांच्या निदानांना आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील ठराविक संकेतांक देण्याची पद्धत. झाक बेर्तीयाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून हे वर्गीकरण वाढले व १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याची जबाबदारी सांभाळते. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. येथील संकेतांक दहाव्या आवृत्तीतील आहेत.

या आवृत्तीत इजेची नोंद दुहेरी असते. पहिला संकेतांक शरीरात काय घडले ते सांगतो, दुसरा ते कशामुळे घडले ते. श्वसनमार्गातील बाह्य पदार्थास टी १७ हा वर्ग असून ग्रसनीस टी १७·२, स्वरयंत्रास टी १७·३, श्वासनालास टी १७·४ व श्वसनीस टी १७·५ असे स्थानपरत्वे भेद केले आहेत. मुलाने दाणे खाताना ठसका लागून शेंगदाणा श्वसनीत गेल्यास टी १७·५ याच्या जोडीस डब्ल्यू ७९ (अन्नामुळे श्वसनमार्गरोध) येतो. मणी असल्यास डब्ल्यू ८०. चौथा अंक घटनास्थळ दर्शवितो, उदा., घरासाठी शून्य. गिळलेले नाणे ग्रसिकेत अडकले, तर मात्र टी १८·१. गळ्याच्या उघड्या जखमा एस ११ मध्ये, तर आम्ल वा दाहक क्षार प्याल्याने होणारी तोंड, ग्रसनी व ग्रसिका यांची हानी टी २८ मध्ये मोडते.

बाह्य कारणाचा संकेतांक गौण समजणे चुकीचे ठरते. गळा आवळल्याने होणारा श्वासरोध सर्वत्र टी ७१ असतो. पण अपघात (डब्ल्यू ७६), आत्महत्या (एक्स ७०) व परहत्या (एक्स ९१) यांतील फरक दुसऱ्या संकेतांकावाचून कळत नाही. म्हणूनच इजेमुळे झालेल्या मृत्यूचे मूळ कारण म्हणून बाह्य कारणच धरतात.

संकेतन निदानाहून अधिक अचूक असू शकत नाही. शेंगदाणा साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. ठसक्याची हकीकत कोणी विचारली नाही, तर काही आठवड्यांनी उद्‌भवलेला फुप्फुसशोथ केवळ फुप्फुसशोथ म्हणून नोंदला जातो आणि दाण्याचा मागमूस राहत नाही. प्रौढांतही असे घडते : उपाहारगृहात जेवताना घास अडकून झालेले आकस्मिक मृत्यू हृद्‌विकाराचे समजले जात, हे हॉगन यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत दाखविले व त्यास ‘कॅफे कॉरोनरी’ हे नाव पडले. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखालील वैद्यकीय प्रमाणपत्रात ‘श्वसन बंद पडले’ एवढाच मजकूर असला, तर तो मरणाचा प्रकार होतो, कारण नव्हे. त्यावरून संकेतकारास डब्ल्यू ७९ देता येत नाही.