एका जाळावर भोपळा आणि कुसकुस

आज आम्ही तुम्हाला मोरोक्को देशातल्या चुलीपाशी नेतो. तिथे शुक्रवारी घरोघरी कुसकुस करतात. रव्याला पाण्याचा आणि पिठाचा हात लावून वळलेले बारीक दाणे म्हणजे कुसकुस.

त्याचे भांडे दोन मजली असते. खाली कांदा, गाजर, भिजवलेले काबुली चणे, हळद आणि मिरी घालून रस्सा उकळतो. वरच्या चाळणीत दाणे त्याच वाफेवर शिजतात. जाळ एक, पदार्थ दोन, सरपण वाचते.

दाणे वाफवायचे, परातीत काढून हाताने मोकळे करायचे, मिठाचे पाणी शिंपडून पुन्हा वाफवायचे. असे दोन-तीनदा करतात. घाई केली की गोळे होतात. लाल भोपळा लवकर विरघळतो, म्हणून त्याच्या मोठ्या फोडी शेवटच्या वाफेच्या वेळी रश्शात सोडतात. वाढताना दाण्यांवर भोपळा मांडून रस्सा ओततात.

दाणे वळायला तिथल्या बायका एकत्र बसतात, जशा आपण शेवया-कुरडयांना बसतो. २०२० साली युनेस्कोने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या देशांची ही विद्या मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. आपल्या कुरडयांचे प्रमाण, चिकाची पारख कुठे नोंदली आहे? गटाच्या वहीत आपणच लिहूया.